नित्यनेमाचे बळ

सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागात पावसाचे मान फार थोडे आहे. माळरान, काळ्या खडकाच्या टेकड्या आणि त्यांच्या मधून गेलेले कोरडे ओढे असे त्या भागाचे रूप आहे. याच मुलखात औंध नावाचे गाव असून गावालगतच्या टेकडीवर यमाई देवीचे प्राचीन देऊळ आहे. इंग्रजी अमदानीत औंध ही एका छोट्या संस्थानाची राजधानी होती. या संस्थानात अवघी ७२ गावे होती आणि तीही सलग नव्हती. औंध, आटपाडी, कुंडल आणि गुणदाळ अशा चार ठिकाणी ती विखुरलेली होती. हिंदुस्थानात त्या काळी शेकडो संस्थाने होती आणि त्यांतली कितीतरी औंधपेक्षा मोठी व श्रीमंत होती. परंतु त्यांपैकी अनेकांची नावे आज लोकांच्या स्मरणात नाहीत. औंधचे नाव मात्र टिकून राहिले, ते तेथील एका राजामुळे. या राजाने तलवार गाजविली नाही किंवा नवा मुलूख जिंकला नाही. त्याने एक साधी सवय स्वतःला लावून घेतली, ती जन्मभर पाळली आणि ती आपल्या प्रजेच्या व देशाच्या हाती दिली. या राजाचे नाव भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. लोक त्यांना प्रेमाने बाळासाहेब म्हणत.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. त्यांचे घराणे मराठेशाहीत नावाजलेले होते. छत्रपती राजाराम महाराजांच्या पडत्या काळात परशुराम त्रिंबक यांनी स्वराज्याची मोठी सेवा केली आणि त्यांना प्रतिनिधी हे मानाचे पद मिळाले. तेव्हापासून हे घराणे पंतप्रतिनिधी या नावाने ओळखले जाऊ लागले. बाळासाहेबांचे वडील श्रीनिवासराव हे औंधचे राजे होते. बाळासाहेबांना थोरले भाऊ असल्यामुळे राज्याची गादी आपल्याकडे येईल, असे त्यांना लहानपणी वाटण्याचे कारण नव्हते. त्यांनी विद्याभ्यासाकडे लक्ष दिले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून ते बी. ए. झाले. राजघराण्यातील मुलाने परीक्षा देऊन पदवी मिळवावी, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती.

राजवाड्यात वाढणाऱ्या मुलाला कशाचीच उणीव नसते. पुढे ताट येते, हाताशी नोकर असतात, दाराशी घोडा उभा असतो. तुपात तळलेले, साखरेत घोळलेले पदार्थ रोजच पंगतीला असतात. अशा घरात शरीर सुस्त होण्यास वेळ लागत नाही. त्या काळच्या कित्येक संस्थानिकांचे आयुष्य खाण्यापिण्यात, शिकारीत आणि आळसात गेले. काहींना तर ऐन तारुण्यातच व्याधींनी घेरले. बाळासाहेबांना या वाटेने जायचे नव्हते. शरीर निकोप असेल तरच हातून काही कार्य होईल, ही गोष्ट त्यांच्या मनाने फार लवकर घेतली होती.

त्या सुमारास युरोपात युजीन सँडो या मल्लाचे नाव सर्वतोमुखी झाले होते. हा सँडो वयाने बाळासाहेबांहून अवघ्या दीड वर्षाने मोठा होता. त्याचे शरीर ग्रीक मूर्तीसारखे रेखीव होते. डंबेल्स आणि रबरी दोऱ्यांची साधने घेऊन शरीराचा एकेक स्नायू कसा कमवावा, याची शिकवण त्याने ग्रंथांतून दिली होती. ही पुस्तके व ही साधने हिंदुस्थानातही येऊ लागली. १८९७ साली बाळासाहेबांनी सँडोची साधने मागविली आणि त्याच्या पद्धतीने व्यायामास आरंभ केला. नवे साधन घरी आले म्हणजे चार दिवस त्याचा उत्साह राहतो आणि पाचव्या दिवशी ते कोपऱ्यात पडते, असा सामान्य अनुभव आहे. बाळासाहेबांचे तसे झाले नाही. त्यांनी सुमारे दहा वर्षे हा व्यायाम नेमाने केला. या दहा वर्षांत त्यांच्या शरीराला बळ आलेच. पण त्याहून मोठा लाभ असा झाला की, नेम कसा पाळावा हे त्यांच्या अंगी मुरले.

मात्र या पद्धतीच्या काही मर्यादा होत्या. तिच्यासाठी साधने लागत आणि ती विलायतेहून आणावी लागत. राजाला ती घेता येत. पण माळरानावरच्या शेतकऱ्याच्या मुलाला ती कोठून मिळणार? शिवाय दंड, छाती, मांड्या यांचा व्यायाम वेगवेगळा करावयाचा, म्हणजे वेळही बराच लागे. जो व्यायाम घरातल्या सर्वांना, लहानथोरांना व स्त्रियांनाही करता येत नाही, तो घराची सवय होऊ शकत नाही.

१९०८ च्या सुमारास बाळासाहेबांचे लक्ष आपल्याच देशातील एका जुन्या व्यायामाकडे वळले. शेजारच्या मिरज संस्थानचे राजे नित्य सूर्यनमस्कार घालीत असत. त्यांचे उदाहरण बाळासाहेबांच्या डोळ्यांपुढे होते. सूर्यनमस्कार महाराष्ट्राला अपरिचित नव्हते. कित्येक घरी ते उपासना म्हणून घातले जात, आणि समर्थ रामदासांनी तरुणपणी नित्य नमस्कार घातल्याची कथा घरोघर सांगितली जात असे. पण शरीराच्या जोपासनेचे एक शास्त्रशुद्ध साधन म्हणून त्यांच्याकडे पाहणारे थोडे होते. बाळासाहेबांनी सँडोची साधने बाजूला ठेवली आणि वयाच्या चाळिसाव्या वर्षी नमस्कार घालण्यास प्रारंभ केला. ते एकटेच नमस्कार घालू लागले असे नाही. राणीसाहेब आणि मुलेबाळेही त्यांच्याबरोबर या व्यायामाला लागली. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९०९ साली, औंधची गादी त्यांच्याकडे आली. राज्यकारभाराचा भार वाढला, तरी नमस्कारांत खंड पडला नाही.

सूर्यनमस्कार म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्यासारखे आहे. बाळासाहेबांनी एका नमस्काराच्या दहा स्थिती सांगितल्या आहेत. प्रथम हात जोडून ताठ उभे राहावयाचे. मग गुडघे न वाकविता खाली वाकून दोन्ही तळहात पावलांशेजारी जमिनीवर टेकावयाचे. त्यानंतर एक पाय मागे न्यावयाचा आणि मान वर उचलावयाची. दुसरा पायही मागे नेला म्हणजे सारे शरीर तळहात व चवडे यांवर फळीसारखे सरळ राहते. पाचव्या स्थितीत कपाळ, छाती आणि गुडघे जमिनीला लागतात. मग छाती वर उचलून पाठीची कमान करावयाची, आणि लगेच कंबर उंच करून टाचा जमिनीला टेकण्याचा प्रयत्न करावयाचा. त्यानंतर एक पाय पुढे, मग दुसरा पाय पुढे आणि शेवटी पुन्हा ताठ उभे राहावयाचे. या सर्व हालचालींबरोबर श्वासोच्छ्वास नाकाने आणि ठरलेल्या क्रमाने चालू ठेवावयाचा असतो. नमस्कारापूर्वी ॐकार, बीजमंत्र आणि मित्र, रवी, सूर्य इत्यादी नावांपैकी एक नाव उच्चारण्याची परंपरा बाळासाहेबांनी राखली होती.

या एका नमस्कारात मान, खांदे, दंड, छाती, पाठीचा कणा, पोट, मांड्या आणि पोटऱ्या या सर्वांना ओढ मिळते. यासाठी डंबेल्स नकोत, आखाडा नको, दुसरा गडी नको. माणूस पाय पसरून निजू शकतो एवढी जागा आणि पहाटेचा थोडा वेळ एवढेच पुरे. प्रवासात, धर्मशाळेत किंवा आगबोटीवरही हा व्यायाम करता येतो. ज्या गोष्टीला फार सामग्री लागते ती सुटण्याला फार निमित्तेही सापडतात. साधन नव्हते, जागा नव्हती, सोबती आला नाही, अशी कारणे माणूस स्वतःलाच सांगत राहतो. नमस्कारांना अशी कारणे उरत नाहीत. बाळासाहेबांना या व्यायामाचा सर्वांत मोठा गुण हाच वाटला असला पाहिजे.

बाळासाहेब पहाटे उठत आणि रोज शेकडो नमस्कार घालीत. हा आकडा ऐकून कोणाची छाती दडपून जाईल. पण ही संख्या एका दिवसात गाठावयाची नसते. लहान मुलांनी थोडे नमस्कार घालावेत, वय व शक्ती वाढेल तशी संख्या वाढवावी, दम लागला की थांबावे, असाच या व्यायामाचा क्रम आहे. पहिल्याच दिवशी हौसेने शंभर नमस्कार घालणाऱ्याचे अंग दुसऱ्या दिवशी इतके दुखते की तिसऱ्या दिवशी तो अंथरुणातून उठत नाही. याउलट जो मुलगा रोज केवळ १२ नमस्कार घालतो, त्याचे वर्षाच्या शेवटी ४,३८० नमस्कार होतात आणि त्याला ते कष्ट वाटतही नाहीत. पावसाची एक सर जोराने येऊन वाहून जाते. पण विहिरीचा बारीक झरा रात्रंदिवस वाहतो आणि उन्हाळ्यातही पाणी देतो. शरीराचे बळ असे झऱ्यासारखे साठत असते.

व्यायामाइतकेच बाळासाहेबांचे लक्ष आहाराकडे होते. नुसते नमस्कार घालावेत आणि दिवसभर वाटेल ते खावे, हे त्यांना मान्य नव्हते. चहा, कॉफी, तंबाखू आणि मद्य यांपासून दूर राहावे, असे त्यांचे सांगणे असे. तिखट, मसालेदार व तळलेले पदार्थ त्यांना नापसंत होते. दूध, ताज्या भाज्या, फळे आणि कोंड्यासकट असलेले धान्य यांवर त्यांचा भर होता. त्या काळी गिरण्यांत सडलेला पांढराशुभ्र तांदूळ, मैदा आणि पांढरी साखर यांची आवड शहरांतून वाढत चालली होती. पांढरे ते उंची आणि तांबूस ते गावंढळ, अशी समजूत होऊ लागली होती. परंतु तांदूळ फार सडला म्हणजे त्याच्यावरचा कोंडा निघून जातो आणि त्याबरोबर शरीराला लागणारे जीवनसत्त्वही नाहीसे होते. अशा तांदळावरच राहणाऱ्यांना बेरीबेरी नावाचा रोग जडतो, हे शास्त्रज्ञांनी त्याच काळात दाखवून दिले. बाळासाहेबांचा आग्रह शास्त्राच्या या शोधाला धरून होता.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. राजाने सुचविलेला हा आहार राजवाड्यातला नव्हता. ज्वारीबाजरीची भाकरी, मोड आलेली मटकी, परसातली पालेभाजी, हातसडीचा तांदूळ, ताक आणि गूळ हे सारे औंधच्या माळावरील शेतकऱ्याच्या घरी थोडेबहुत होतेच. महागडे अन्न खाण्याची सवय पैसा संपला की मोडते. आपल्या शेतात पिकणारे, आपल्या घरी शिजणारे आणि भुकेपुरते घेतलेले अन्न जन्मभर खाता येते. सण आला की पुरणपोळी खाण्यात काही वावगे नाही. मात्र रोजच सण साजरा करणारा मनुष्य लवकरच वैद्याच्या दारी जातो.

स्वतःच्या घरी जी गोष्ट हिताची ठरली, ती प्रजेपर्यंत पोहोचविणे बाळासाहेबांना आपले कर्तव्य वाटले. संस्थानच्या शाळांतून त्यांनी सूर्यनमस्कार सुरू केले. सकाळी शाळेच्या अंगणात मुलांच्या रांगा उभ्या राहत आणि शेकडो देह एका तालात वाकत व उठत. हा व्यायाम त्यांनी मुलींनाही लावला. त्या काळी मुलींनी शाळेत जाण्यालाच अनेक घरांतून विरोध होत असे. मग त्यांनी व्यायाम करावा ही कल्पना कित्येकांना कशी रुचावी? मुलीचे बळ घरकामात आपोआप वाढते, तिला तालमीचे काय काम, असे म्हणणारे पुष्कळ होते. बाळासाहेबांचा विचार निराळा होता. जी पुढे माता होणार, जिला संसाराचा सर्व भार उचलावयाचा आहे, तिचे शरीर दुबळे असून कसे चालेल, असा त्यांचा प्रश्न होता. राणीसाहेब आठ मुलांच्या माता असूनही नित्य नमस्कार घालीत आणि त्यांची प्रकृती उत्तम होती. राजवाड्यातील हे उदाहरण समोर असल्यामुळे प्रजेचा संकोच हळूहळू कमी होत गेला.

हुकूम काढला की सवय लागते, असे मात्र नाही. हुकुमाने रांग उभी करता येते. मनात आवड उत्पन्न करता येत नाही. बाळासाहेब हे जाणून होते. म्हणून ते जेथे जात तेथे नमस्कारांविषयी बोलत आणि बोलून झाल्यावर स्वतः नमस्कार घालून दाखवीत. राजाने लोकांसमोर लंगोट लावून, कपाळ जमिनीला टेकवून व्यायाम करावा, हे दृश्य पाहून लोकांना आश्चर्य वाटे. शिवाय बाळासाहेब उत्तम कीर्तनकार होते. त्यामुळे खेड्यापाड्यांतील माणसांशी त्यांच्या भाषेत बोलण्याची कला त्यांना साधली होती. त्यांनी नमस्कारांवर मराठीत पुस्तक लिहिले आणि त्याचे इंग्रजी रूपही प्रसिद्ध केले. पुस्तकाबरोबर चित्रे दिल्यामुळे कोणालाही ती पाहून घरच्या घरी व्यायाम शिकता येई.

१९३६ साली बाळासाहेब विलायतेला गेले. त्या वेळी ते अडुसष्टाव्या वर्षात होते. लंडनमध्ये लुईस मॉर्गन नावाच्या एका पत्रकार बाईंची त्यांच्याशी भेट झाली. या वयातही त्यांचा ताठ कणा, चपळ चाल आणि टवटवीत चेहरा पाहून त्या चकित झाल्या. राणीसाहेबांची प्रकृती पाहून तर त्यांचे कुतूहल आणखी वाढले. त्यांनी या व्यायामाविषयी वृत्तपत्रात लिहिले आणि इंग्रज वाचकांत त्याची चर्चा सुरू झाली. पुढे १९३८ साली बाळासाहेबांचे पुस्तक त्यांनी संपादित केले आणि ते लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. नमस्काराच्या दहा स्थितींवरून त्याला ‘द टेन-पॉइंट वे टु हेल्थ’ असे नाव दिले होते. जो राजा तरुणपणी व्यायामाची साधने युरोपातून मागवीत होता, त्यानेच चाळीस वर्षांनंतर आपल्या देशातील व्यायाम युरोपाला दिला.

बाळासाहेबांची नमस्कारांवर अपार श्रद्धा होती. त्या श्रद्धेच्या भरात त्यांना असेही वाटे की, नमस्कार घालणाऱ्याला बहुतेक रोगांची भीतीच उरणार नाही. आजचे वैद्यकशास्त्र इतके म्हणणार नाही. साथीचे रोग जंतूंमुळे व विषाणूंमुळे होतात, काही व्याधी जन्मतःच येतात आणि त्यांवर डॉक्टरांचे उपचार घ्यावेच लागतात. तापात किंवा दुखापत झाली असता व्यायाम थांबविणेच शहाणपणाचे असते. पण त्यांच्या सांगण्यातील मुख्य गोष्ट आजही पूर्णपणे खरी आहे. नियमित व्यायाम आणि मिताहार यांमुळे हृदय बळकट राहते, वजन आटोक्यात राहते आणि मधुमेह व रक्तदाब यांसारख्या विकारांचा धोका कमी होतो. शिवाय हा लाभ शरीर हालत असेतोवरच मिळतो. तरुणपणी केलेला व्यायाम म्हातारपणापर्यंत पुरवता येत नाही. तो रोज नव्याने करावा लागतो.

कमावलेल्या बळाचा उपयोग माणूस कशासाठी करतो, यावर त्याची खरी किंमत ठरते. बाळासाहेबांनी आपले बळ आरशापुढे उभे राहण्यात घालविले नाही. ते स्वतः चित्रकार होते. रामायणातील प्रसंगांची चित्रे काढून त्यांनी चित्ररामायण प्रसिद्ध केले. देशोदेशींच्या चित्रांचा व मूर्तींचा संग्रह करून त्यांनी औंधच्या टेकडीवर संग्रहालय उभारले. आजही दूरदूरचे लोक ते पाहण्यास जातात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची संशोधित आवृत्ती काढण्याचे कार्य हाती घेतले, तेव्हा या लहानशा संस्थानच्या राजाने त्यासाठी एक लाख रुपये देऊ केले. बेळगावात कारखान्याची जागा गमावून बसलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी १९१० साली कुंडलजवळ जागा दिली आणि त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. वेदांचे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांना त्यांनी औंधमध्ये आश्रय दिला. हे सातवळेकरही व्यायामाचे व नियमित जीवनाचे मोठे पुरस्कर्ते होते आणि त्यांनी वयाची शंभर वर्षे पूर्ण केली.

पण बाळासाहेबांचे सर्वांत मोठे कृत्य याहून निराळे आहे. आपल्या राज्याचा कारभार आपण करावा, असे सर्व हिंदुस्थान म्हणत होता. पण संस्थानांतील प्रजेला मात्र राजाच्या मर्जीवर राहावे लागे. बाळासाहेबांचे पुत्र आप्पासाहेब यांनी गांधीजींचा सल्ला घेतला आणि २१ जानेवारी १९३९ रोजी औंधच्या राजाने आपली सत्ता प्रजेच्या स्वाधीन केली. गावोगावी पंचायती आल्या आणि लोक स्वतःचा कारभार स्वतः पाहू लागले. त्या वेळी बाळासाहेबांचे वय सत्तर वर्षांचे होते. या वयात बहुतेक माणसे हाती असलेले अधिक घट्ट धरून ठेवतात; त्यांनी मात्र ते आनंदाने सोडून दिले. रोज पहाटे स्वतःच्या आळसावर सत्ता चालविणाऱ्याला दुसऱ्यांवर सत्ता चालविण्याचा फारसा मोह नसावा, असे त्यांच्या चरित्रावरून वाटते.

स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली, औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १३ एप्रिल १९५१ रोजी वयाच्या ८२ व्या वर्षी बाळासाहेबांनी जगाचा निरोप घेतला. त्या काळी हिंदुस्थानातील सामान्य माणसाचे सरासरी आयुर्मान चाळीस वर्षांचेही नव्हते.

राजाचे राज्य गेले, पण त्याने लावलेली सवय राहिली. आप्पासाहेब पंत पुढे स्वतंत्र भारताचे राजदूत झाले. पूर्व आफ्रिकेपासून इंग्लंडपर्यंत अनेक देशांत त्यांनी काम केले आणि १९७० साली त्यांनीही सूर्यनमस्कारांवर पुस्तक लिहून वडिलांची शिकवण पुढे चालविली. आज महाराष्ट्रातील असंख्य शाळांच्या अंगणांत मुले नमस्कार घालतात. जगातील अनेक देशांतील योगवर्गांतही सूर्यनमस्कार शिकविले जातात. त्या सर्वांना औंधच्या राजाचे नाव ठाऊक असेलच असे नाही.

बाळासाहेबांच्या चरित्रात चमत्कार नाही आणि म्हणूनच ते कोणालाही अनुसरता येण्यासारखे आहे. त्यांच्याजवळ जे राजवैभव होते ते आपल्याजवळ नाही. परंतु ज्याच्या बळावर ते निरोगी राहिले, ते सर्व आपल्याजवळ आहे. एक सतरंजी टाकण्याइतकी जागा, घरचे साधे जेवण आणि पहाटेची वेळ यांवर राजाचा व रंकाचा सारखाच अधिकार असतो. फरक पडतो तो नेमाचा. काल नमस्कार घातले म्हणून आज सुटी, आज पाऊस आहे म्हणून उद्या, उद्या परीक्षा आहे म्हणून परवा, असे म्हणणाऱ्याचा परवा कधीच उगवत नाही. एखाद्या दिवशी खंड पडलाच तर दुसऱ्या दिवशी मुकाट्याने पुन्हा आरंभ करावा, थोडेच करावे, पण रोज करावे. औंधचे राजे चाळिसाव्या वर्षी सतरंजीवर उभे राहिले आणि वार्धक्यातही त्यांनी ती गुंडाळून ठेवली नाही.